सावलीतली रोपं
पानओव्याचं पान चुरगळलं की मला राहात्याजवळची ती नर्सरी आठवते. आमच्या दारात ख्रिसमस ट्रीची दोन उंच झाडं होती. त्यांच्या दाट सावलीत, गळून साचलेल्या टोकदार पानांमध्ये काहीच तग धरत नव्हतं, म्हणून सावलीत जगणारी रोपं निवडायला मी वडिलांना, आबांना, मोटारसायकलवर घेऊन गेलो होतो. हिरव्या जाळीखाली ओल्या मातीचा गारवा होता. मी जांभळ्या पानांचा कोलियस पुढं केला, तर आबांनी त्याचं पान नुसतंच बोटांनी चाचपलं. "रंगाचं काय करायचं? वासाचं काही हाय का बघ," ते म्हणाले. मग पानओव्याची कुंडी उचलायला वाकले आणि त्यांचा हात कुंडीशेजारी हवेतच फिरत राहिला. मी घाबरून विचारलं, "आबा, तुमाला दिसत न्हाई का?" "अंधूक दिसतं. शुगरनं डोळं नेलं," ते हळूच म्हणाले. "तुझ्या आईला सांगू नको. लई काळजी करंल." घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. तिनं आबांचा हात धरला आणि पायरीपाशी तो जरासा वर उचलला, रोज करत असल्यासारखं. आबा म्हणाले, "रोपं बघ कशी हिरवीगार हायेत." आई त्यांच्या डोळ्यांकडे बघत म्हणाली, "व्हय, लई छान हायेत." आता दोघंही नाहीत. शेवटपर्यंत आबांच्या डोळ्यांबद्दल ते एकमेकांशी काही बोलले नाहीत, आणि मीही कधी मध्ये पडलो नाही.