वल्हं कुणाच्या ओसरीला

तात्या मोरे कुणाला रामराम घालत नसत. माणूस दिसला की विचारत, "वल्हं कुनाच्या ओसरीला हाय?" बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी सरकारी नर्स म्हणून ट्रंक आणि औषधांची पेटी घेऊन मी धरणाच्या पाण्याकाठी उतरले, तेव्हा मलाही त्यांनी हेच विचारलं. मी सांगलीची, मला काय ठाऊक? मग त्यांनीच सांगितलं, "गोपाळाच्या. त्यो पल्याडनं इस्तवर बसा." तालुक्याच्या गावाहून, मेढ्याहून परतणारे तात्याही बसूनच होते. दोन तासांत त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. मी मात्र केली.

जावळीतलं ते गाव धरणाच्या पाण्यानं वर टेकडीवर सरकलेलं. तीन बाजूंना पाणी. पावसाळ्यात चौथ्या बाजूचा ओढा फुगला की नुसतं बेट. बावीस घरं, सगळ्यांनी मिळून बांधलेली एक होडी आणि एक लांब वल्हं. ते वल्हं रोज एका घरी असायचं. ज्याच्या ओसरीला वल्हं, त्या घरानं त्या दिवशी होडीला माणूस द्यायचा. मीठ, रॉकेल, टपाल, मास्तर, आजारी, सगळ्यांची ने-आण त्यानं फुकट करायची. सकाळी वल्हं शेजारच्या घरी. मधे दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही.

ही पद्धत तात्यांची. फौजेतून हवालदार होऊन आले तेव्हा होडी होती, पण न्यायला माणूस नसे. खोकल्यानं घुसमटलेली एक म्हातारी काठावर वाट बघतच गेली होती. "सगळ्यांची होडी म्हंजी कुनाचीच न्हवं, बाई," ते म्हणत. "म्हनून पाळी. आन पाळी म्हंजी पाळी."

एकदा तालुक्याचे साहेब परतायला निघाले. पाळीचा गडी जेवत होता. साहेब घड्याळ दाखवू लागले. तात्या म्हणाले, "सायेब, घड्याळ तुमचं, भूक त्याची. तुमीबी बसा." साहेबांनी बूट काढले आणि नाचणीच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. गाव महिनाभर हसत होतं. मलाही तेव्हा तात्या फार आवडले. नियम पाळणारी माणसं मला आवडतात. माझं काम नियमानंच चालतं.

पुढच्या एका भादव्यात तात्यांच्या सुनेला, सुमनला, सातव्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला. सकाळचे दहा वाजले असतील. मी तपासलं आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता मेढ्याच्या दवाखान्यात न्यायला हवं. चौघांनी तिला घोंगडीत घालून काठावर आणलं. वल्हं होतं धोंडिबाच्या ओसरीला, आणि धोंडिबा घरच्यांसह वरच्या रानात गेला होता. दार उघडं. भिंतीला टेकलेलं वल्हं आम्हाला काठावरून दिसत होतं.

तात्यांचा मुलगा, सुमनचा नवरा महादू म्हणाला, "आबा, मी घिऊ का?"

"न्हाई. धोंडिबाला सांगावा धाडलाय."

"तात्या, तिला वेळ नाही," मी म्हटलं.

"बाई, आज माझ्या सुनंसाठी पाळी मोडली, तर उद्या दुसऱ्याच्या सुनंसाठी कोन यील? दुसऱ्या कुनाचं आसतं तर..." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. सुमन डोळे मिटून, दात आवळून पडली होती. निम्मं गाव उभं होतं. कुणी हललं नाही.

धोंडिबाच्या रानात जाऊन यायला तास लागतो. मी दोनदा नाडी बघितली, कापूस बदलला. तिसऱ्यांदा नाडी हाताला लागेना, तेव्हा मी धोंडिबाच्या घरी गेले आणि वल्हं उचललं. मला ते पेललंही नाही. महादूनं धावत येऊन माझ्या हातातून घेतलं. तात्यांनी त्याला अडवलं नाही.

सुमन वाचली. मूल गेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणायचं."

तात्यांनी कुणाची माफी मागितली नाही. आठ दिवस ते ओसरीवर लाकूड तासत बसले आणि दुसरं वल्हं घडवलं. काठावरच्या जांभळीला ते टेकवून म्हणाले, "हे कुनाच्याबी पाळीचं न्हाई. आजाऱ्याचं हाय. ज्यानं हाक ऐकली त्यानं घ्यावं." पुढं त्या वल्ह्यानं सात-आठ माणसं तरी वेळेवर पलीकडे नेली. सुमन सासऱ्याला भाकरी वाढायची. बोलायची नाही.

चार वर्षांनी माझी बदली झाली. त्या दिवशी वल्हं तात्यांच्याच ओसरीला होतं. महादू निघाला होता, त्याला बसवून ते स्वतः आले. हात थकले होते. मधल्या पाण्यात वल्हं थांबवून म्हणाले, "बाई, येक इचारू? त्या दिशी तुमी वल्हं आधीच का न्हाई उचाललं? तुमी तर गावच्या न्हवता. तुमाला कसली पाळी?"

टोमणा नव्हता. चार वर्षं त्यांना हेच कळलेलं नसावं.

"तुम्ही म्हणालात म्हणून थांबले, तात्या."

"व्हय," ते म्हणाले. "समदीच थांबली." आणि पुन्हा वल्हवू लागले.

काठावर त्यांनी माझी ट्रंक उतरवली आणि होडी वळवली. मेढ्याची एसटी सुटायच्या बेतात होती. मी पळत जाऊन ती गाठली.