मूळ पुरुषाला कितवा आकडा

आमचं घर पंचवटीत, तीर्थोपाध्यायांचं. यजमान येतो, गाव आणि आडनाव सांगतो, आणि आम्ही वही काढून त्याला त्याच्या पणजोबाचं नाव वाचून दाखवतो. वहीत फक्त नावं. कुठल्या घरात कोण रुसून गेलं, कोणापुढे कशाचा विषय काढायचा नाही, हे सगळं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या डोक्यात. अण्णा विसरायला लागले तेव्हा मी घाबरलो. रोज सकाळी त्यांना बोलतं करायचं आणि जुन्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं, असं सुरू केलं.

कॉम्प्युटर रडतखडत चालायचा. द्वारका चौकातला कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणाला, "विंडोज काढा, लिनक्स टाका. मशीन चालवणारी सिस्टिमच बदला." गपचूप ऐकलं असतं तर मी कसला. नेटवर वाचत बसलो आणि डोक्याचं भजं झालं. लिनक्सचेच ढीगभर प्रकार. शिवाय युनिक्स नावाच्या जुन्या सिस्टिमच्या घराण्यातले फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी. एक म्हणे रोजच्या कामाला बरा, दुसरा कुठल्याही भंगार मशीनवर चालतो, तिसऱ्याला कड्याकुलपांचं वेड. कमांड बऱ्याचशा त्याच. मग निवडायचं कशावरून, ते कोणी धड सांगेना.

अण्णांपुढे रडगाणं गायलो तर ते खुलले.

"हा ओपन कोणाचा?"

"नेटमधून वेगळा निघाला."

"वाटण्या झाल्या म्हण. आणि लिनक्स?"

"तो रक्ताचा नाही, अण्णा. वागतो मात्र तसाच."

"मग दत्तक. नीट लिहून ठेव."

मी खरंच वहीसारखी वंशावळ मांडली. तरी गोंधळ होता तिथेच. शेवटी वैतागून फ्रीबीएसडी टाकायला घेतलं.

मशीनमध्ये एकाच मापाच्या दोन डिस्क होत्या. पहिलीवर विंडोज, दुसरीवर अण्णांचा आवाज. कुठली पुसायची, शून्य की एक, असं स्क्रीनवर आलं. आमच्या वहीत मूळ पुरुषाला एक आकडा घालतात. शून्य म्हणजे काहीतरी फालतू असेल, असं समजून मी एक निवडलं. त्याने खात्री करायला पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. ही मंडळी शून्यापासून मोजतात, त्यांची एक म्हणजे दुसरी डिस्क, हे मला नंतर कळलं. दुसरी प्रत काढायची रोज राहूनच जात होती.

दुकानदाराने मशीन दोन दिवस ठेवून घेतलं. काही निघालं नाही. अण्णा रागावलेसुद्धा नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला.

"बस, परत सांगतो," म्हणाले.

मी वही उघडली. निफाडचं द्राक्षवाल्यांचं घर, अण्णांच्या सगळ्यात जवळचं. नावं वाचली. अण्णांनी वही स्वतःकडे ओढली.

"ह्यांच्याकडे काय झालं होतं रे? मी सांगितलं होतं ना तुला?"

सांगितलं होतं, दोनदा. रेकॉर्ड होतंय म्हणून मी ऐकलंच नव्हतं. कोणता बीएसडी कोणापासून वेगळा निघाला, तेवढं मात्र मला तोंडपाठ होतं.