विचारल्याशिवाय हात लावायचा नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. चौकशीच्या कागदावर मी खोटं लिहिलं.

द्राक्षांच्या एका कोल्ड स्टोरेजचा मी मॅनेजर. अमोनिया वायूवर चालणारा गारव्याचा प्लांट सांभाळणारे ऑपरेटर नांदगावकडचे, माझ्याहून वयानं मोठे; सगळे त्यांना मामा म्हणत. एकदा अमोनियाचा जरासा वास आला म्हणून मामांनी आपणच प्लांट बंद केला. माल तापायला लागला. मी चारचौघांत ओरडलो, "मॅनेजर तुम्ही की मी? मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही!"

त्यानंतर कुणी कशालाच हात लावेना. पॅकिंगच्या बायका हसायच्या, "अगं, शिंक आली? आधी साहेबांना फोन लाव!" मला ते ऐकायला आवडायचं. माझ्यावाचून काम चाललं तर माझी गरज काय, ही धास्ती मनात होतीच.

मग हंगामातली ती दुपार. मी शहरात मीटिंगला, फोन सायलेंटवर. बाहेर येऊन बघतो तर मामांचे अकरा मिस्ड कॉल. लगेच फोन लावला.

"साहेब, लय वास हाय," खोकत खोकत मामा म्हणाले. "बायका बाहेर काढल्या. आता बंद करू का?"

"अजून बंद केला नाही?"

"तुमाला इचारलं नव्हतं ना."

"करा! करा बंद!"

फोन कट झाला. शहरापासून प्लांटपर्यंतचा रस्ता मी कसा कापला, आठवत नाही. मेलं कुणी नाही. मामांची छाती मात्र त्या वायूनं कायमची गेली.

चौकशीत विचारलं, प्लांट बंद करायचा अधिकार कुणाला होता? मी लिहिलं, ऑपरेटरला. तशी सूचना आधीच दिलेली होती. अधिकार असून प्लांट वेळेत बंद केला नाही, असा ठपका मामांवर आला, नोकरी गेली. ते एवढंच म्हणाले, "साहेबांनी लिव्हलंय, तर तसंच असंल."

आता माझी माणसं आधी प्लांट बंद करतात, मग मला कळवतात. मीच शिकवलं, म्हणून कौतुकही होतं. तरी मी फोन आता कधीच सायलेंटवर ठेवत नाही, आणि बराच वेळ वाजला नाही तर मीच प्लांटवर लावतो. परवा नव्या ऑपरेटरनं प्लांट थांबवला आणि मला विचारलं, "साहेब, रागावला नाहीत ना?"

मामा गावी असतात. चार पायऱ्या चढल्या की बसतात म्हणे. त्यांच्यासमोर जाऊन सांगायचं आणि मग तेच सहीनिशी लिहून द्यायचं माझ्याकडे बाकी आहे: हात लावायचा नाही, हा हुकूम माझा होता.