काकांच्या छातीतला टप्प

वसंतकाका कुठेही गेले तरी आधी मशीनची तब्येत विचारायचे, मग माणसाची. जबलपुरात गोहलपुरच्या वर्कशॉपमध्ये माझा पहिला दिवस होता. मी लेथवर उभा होतो. मागून ते आले, पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"रडून राहिली बिचारी. तू कुठला रे?"

"यवतमाळकडचा."

"अच्छा! मग तुलाही ऐकू आलं पाहिजे. घर सोडून आलेल्याला रडणं लवकर कळते."

रांझीच्या कारखान्यात उभी हयात फिटर म्हणून काढून ते निवृत्त झाले होते, तरी रोज सायकलने आमच्याकडे यायचे. मी आठवीत शाळा सोडलेला, तिशी ओलांडलेला माणूस. चूक होईल या भीतीने हात सदा घामेजलेले. त्यांनी मला मशीन ऐकायचा कान दिला. "शाळा डोक्याची असते बे, कानाची नाही," म्हणायचे. रविवारी काकू जेवायला बोलवायच्या. जबलपुरात पोटभर मराठी मी त्याच घरी बोललो.

एकदा मी छातीठोकपणे सांगितलं की गिअरबॉक्स गेला. अख्खा दिवस उघडण्यात गेला, आत काहीच निघालं नाही. मालक तापले, तर काका पुढे झाले. "भैया, मैंने बोला था खोलने को." खोटं बोलले माझ्यासाठी. मग चहाच्या टपरीवर मला म्हणाले, "पक्कं कळल्याशिवाय मशीनची खोट सांगू नको. चालती मशीन उगाच उघडायची नसते." ते मी मनात कोरून ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना दम लागायला लागला. बसले की धाप, आडवे झाले की बरं. "आळशाचा रोग आहे हा, झोपल्यावर बरा होते," असं हसून सांगायचे. काकू डॉक्टरांचं नाव काढायच्या, तर म्हणायचे, गॅस आहे. एका दुपारी मात्र त्यांनी सदऱ्याची बटणं काढली आणि वीतभर पाईप माझ्या हातात दिला.

"पेचकस माणसावर चालत नाही. हा लाव. कुशीवर झालो की आत काही तरी टप्प वाजते. ऐक."

मी ऐकलं. धक, धक, आणि मध्येच हलकेच टप्प, ओला गोळा पडल्यासारखं. पुन्हा धक, पुन्हा टप्प. मी पाईप पुन्हा टेकवून पाहिला. पण पक्कं कुठे कळलं होतं? मी कोण सांगणारा?

"बरोबर चालते, काका."

"चलो," म्हणाले आणि बटणं लावली.

चार महिन्यांनी लेथखाली वाकले ते उठलेच नाहीत, बेशुद्ध. इस्पितळात तपासणी झाली. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात मांसाची गाठ होती, देठाला लोंबकळणारी. प्रत्येक ठोक्याला ती झडपेवर येऊन आदळत होती. कॅन्सर नव्हता. "काढली की माणूस ठणठणीत होतो," डॉक्टर म्हणाले. नागपुरात सोमवारी ऑपरेशन ठरलं. काका खूश. "पाहा, देठ मोडला की झालं, वांगं तोडल्यासारखं!"

त्याआधीच्या शुक्रवारी गाठीचा तुकडा सुटला आणि रक्तातून मेंदूत गेला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी डॉक्टरांना विचारलं, चार महिन्यांपूर्वी कळलं असतं तर? ते म्हणाले, "तेव्हाच काढली असती." त्यांना काय माहीत, मी काय विचारत होतो.

खाटेजवळ गेलो. काकांनी डाव्या हाताने माझं डोकं धरलं आणि छातीवर ओढलं. मी कान टेकला.

"वाजते, काका. टप्प वाजते." मी कान न उचलता म्हणालो. "मला तेव्हाही ऐकू आलं होतं."

पायाशी बसलेल्या काकूंनी मान वर केली. काकांचा हात माझ्या पाठीवर दोनदा पडला, मशीन नीट लागली की पडायचा तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

परवा मी एक चालती लेथ बंद करायला लावली. पक्कं कळलं नव्हतं, नुसता संशय होता. उघडली, आत काही निघालं नाही. मालक सगळ्यांदेखत बोलले. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. मध्ये पडायला आता कोणी नव्हतं.