पहिल्या पानावरचा इशारा

संघमित्रा गेल्याचं मला तिच्या भावानं फोन करून सांगितलं. मी औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात उभी होते. "ताई, अक्का गेली... छातीत दुखतंय म्हणली, गाडीत घातलं, पण वाटेत बिडकीन यायच्या आतच..." तोवर ऑफिसच्या ग्रुपवरही बातमी पोचली होती. एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं, बाकीच्यांनी तेच पुढं ढकललं आणि त्याच्याखाली कुणीतरी विचारलं, उद्याच्या मीटिंगला कोण कोण आहे? माणूस गेल्यावर इतकी कमी मेहनत घेणारी माणसं मी दुसरीकडं पाहिली नाहीत.

चिकलठाण्याच्या आमच्या कंपनीत आम्ही दोघी शेजारी बसायचो. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीन चालवणारे प्रोग्रॅम आमची कंपनी लिहिते. संघमित्रा पैठणची, वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. जिभेला धार होती आणि ती म्यान करायची तिला कधी गरज वाटली नाही. गुळमुळीत लिहिलेल्या वाक्याला ती 'आजाऱ्याचा मऊ भात' म्हणायची.

आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारं जे साधन असतं, त्या कंपायलरची नवी आवृत्ती आली. आमच्या जुन्या कोडमध्ये काय काय बदलायचं याची मार्गदर्शिका आमच्या आणि गिऱ्हाइकांच्या इंजिनिअरांसाठी लिहायची होती. ते काम संघमित्राकडं आलं, कारण कुणालाच नको होतं. कोड लिहिणारा हुशार आणि कोडबद्दल लिहिणारा कारकून, अशी एक वर्णव्यवस्था आमच्याकडं होती. आहे. पोरं तिला 'लेखिकाबाई' म्हणायची. यातल्या एकालाही चार ओळींची रजेची मेल धड लिहिता येत नव्हती.

तिनं नुसतं लिहिलं नाही. जुना प्रत्येक प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर चढवून पाहिला, आणि एक भयंकर गोष्ट तिला सापडली. आकडा मर्यादेबाहेर गेला तर प्रेस थांबवायची, अशी एक तपासणी आमच्या कोडमध्ये होती, पण ती चुकीच्या पद्धतीनं लिहिलेली. जुना कंपायलर ते चालवून घ्यायचा. नव्यानं मात्र गृहीत धरलं की असा आकडा कधी मर्यादेबाहेर जातच नाही. मग ती तपासणी त्याला फालतू वाटली आणि त्यानं ती गुपचूप गाळून टाकली. चूक दाखवली नाही, इशारा दिला नाही. संघमित्रानं मार्गदर्शिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलं : 'हे दुरुस्त केल्याशिवाय नवी आवृत्ती वापरू नका. प्रेस थांबणार नाही.'

साहेबांनी बोलावलं. मी तिच्यासोबत होते. साहेब म्हणाले, "गिऱ्हाईक घाबरेल. हे शेवटी टाका, आणि जरा सौम्य करा. 'काही परिस्थितीत वर्तन वेगळं दिसू शकतं', असं."

"सर, प्रेसखाली हात कुणाचा असतो?"

"तसा प्रश्न नाहीये, मॅडम."

"तेवढाच प्रश्न आहे."

त्यांनी ते पान स्वतः काढलं आणि मऊ भात शेवटच्या पानावर नेऊन वाढला. संघमित्रा जागेवर आली आणि मूळ पान सरळ वाळूजच्या गिऱ्हाइकाला पाठवून दिलं, आपल्या नावानिशी. गिऱ्हाइकानं प्रेस रिकामी ठेवून चाचणी घेतली. प्रेस थांबायला हवी होती तिथं थांबली नाही, पुन्हा खाली आली. खाली कुणी नव्हतं. नसण्याचं कारण ते पान होतं.

कंपनीनं तिचे आभार मानले नाहीत. शिस्तभंगाची ताकीद दिली आणि स्टोअरशेजारच्या खोलीत तिचं टेबल हलवलं. मार्गदर्शिकेच्या पुढच्या आवृत्तीत मात्र तेच पान पहिलं आलं आणि मुखपृष्ठावर साहेबांचं नाव आलं. "नाव त्यांचं राहू दे," ती म्हणाली. "वाक्य माझं हाय तसं हाय ना?"

शोकसभेत साहेब तिच्या सुरक्षिततेच्या जाणिवेबद्दल बोलत राहिले. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, ते पान तुम्ही काढलं होतं."

"वैशाली, ही वेळ नाही."

"नाहीच. वेळ तेव्हा होती."

मग समोसे आले, आणि सगळ्यांनी खाल्ले.

मागच्या रविवारी पैठणला जाऊन आले. तिची खोली आईंनी हलवलेली नाही. खिडकीपाशी टेबल, टेबलावर चष्मा, आणि खुर्ची जराशी बाहेर ओढलेली... पाणी प्यायला उठली असावी, तशी. मी उभीच राहिले. आई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमचे साहेब आलते हार घेऊन. म्हनले, पोरगी लई गोड स्वभावाची व्हती, कधी कुनाला उलटून बोलली नाय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

आईंनी कप माझ्या हातात दिला.

"म्हनलं, साहेब, तुमी घर चुकले."