गच्च्यांना दोर बांधणारी

या, अशा जवळ बसा. आणि कार्टून म्हणजे पोराटोरांचं, असं माझ्यासमोर परत म्हणायचं नाही हं. शोभत नाही तुम्हाला.

इथे अमेरिकेत, रेडमंडला, आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये एक मुलगा राहायचा. मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. चहाला आला की कपाची कड अंगठ्याने पुसायचा आणि म्हणायचा, "जग संपलं, काकू. आता गोष्ट सुरू."

गोष्ट एकच, जपानी चित्रकथेची. मांगा म्हणतात तिला. समुद्र शहरावर चढलाय, उरलेली माणसं उंच इमारतींच्या गच्च्यांवर राहतात. एक मुलगी गच्चीगच्चीला दोर बांधत हिंडते, लोकांना एकमेकांकडे जाता यावं म्हणून. त्यावर कार्टून सिनेमाही निघाला होता, पण तो याला पसंत नव्हता. त्यात दोर तुटतो, माणसं वाहून जातात, मुलगी तोंड लपवून निघून जाते आणि सिनेमा संपतो. पुस्तकाचे भाग मात्र अजून येतच होते.

"सिनेमावाल्यांना घाई, काकू. तिची गोष्ट चालू आहे अजून."

मी म्हणायचे, दोरांनी पोट भरतं का, तिला गच्चीवर भाजी लावायला सांग. तो गंभीरपणे सांगायचा, लावलीये, तिसऱ्या भागात मुळ्याचे वाफे आहेत.

मग त्याची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसाही जातो. दुसरी मिळेना, आणि घरी त्याने सांगितलंच नव्हतं. वडिलांचा फोन आला की, ऑफिसात फार काम आहे, म्हणायचा. हा इकडे आला तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. आता कोणत्या तोंडाने परत जाऊ, हे त्याचं एकच पालुपद. मी रागवायचे, तो कपाची कड पुसत राहायचा.

त्याच दिवसांत इथल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती आला. मोठ्यांचं नाटक चालू असताना मुलांना कुठेतरी बसवायला हवं होतं. मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी याच्याकडे त्या सिनेमाची डीव्हीडी मागितली. हा परोपरीने सांगत होता की ते लहानांचं नाही. बाई म्हणाल्या, "कार्टूनच ना रे? लाव."

बाजूच्या खोलीत समुद्र शहरावर चढला आणि मुलांनी असा टाहो फोडला की नाटकातला नवरा स्टेजवर संवाद विसरला.

मी धावत गेले. याने टीव्ही बंद केला होता. आयांच्या ओढण्या मागून घेऊन खुर्चीपासून खुर्चीपर्यंत बांधत होता आणि अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी करत गोष्ट सांगत होता. मुलं नाक ओढत गाठी मारू लागली. सांगता सांगता दोर तुटला, मुलगी निघून गेली, इथवर तो आला.

"बट डझ शी गो होम?" एका चिमुरडीने विचारलं.

पुस्तकात ते अजून आलंच नव्हतं, मला ठाऊक होतं. त्याने हातातल्या ओढणीची गाठ घट्ट केली.

"जाते," म्हणाला. "तिला वाटतं, सगळे हसतील. पण आई विचारते, जेवलीस का?"

मुलांना पटलं. जेवणात नूडल्स होत्या, हेही त्यांनी ठरवून टाकलं.

प्रसादाच्या रांगेत त्याने माझ्याकडे फोनकार्ड मागितलं. नागपुरात सकाळ झाली असणार. पार्किंगमध्ये गाडीत बसून बराच वेळ बोलला. काचेवर पाऊस, मला नुसती हलणारी मान दिसत होती. उतरला तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा गोंधळलेला.

"बाबा विचारतायत, तुझी खोली रंगवून घेतो, रंग कोणता हवा."

महिना संपायच्या आत तो नागपूरला परत गेला. आता तिकडे मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. खाली नवीन बिऱ्हाड आलंय. माणसं चांगली आहेत, पण चहा गुपचूप पितात.

आणि अरे नागपूरकरा, हे मी लिहिलेलं वाचतोयस ना? तुझी चित्रं फोनवर नुसती ऐकून मला कशी दिसणार? पुस्तकं घे, आईबाबांना घे, आणि पाहुणा म्हणून ये. लवकर ये.