दिसणारी काच

काच कापताना जे बारके तुकडे पडतात, ते आमची ज्योती कधी फेकत नाही. बिस्किटांच्या जुन्या डब्यांत टाकते. "कामी येतात," म्हणते. कधी येतात कोण जाणे, पण डबे वाढत चाललेत! किश्शांचंही तसंच झालंय. सकाळची शाळा सुटली की मी तिच्या स्टुडिओत जाऊन बसते आणि रोज एखादा तरी डब्यात पडतो. आता झाकणच लागेना, म्हणून आज थोडे ओतते.

आधी मंडळी ओळखून घ्या, फार नाहीत. ज्योती मालकीण. रंगीत काचेचे तुकडे एकमेकांवर रचायचे, विजेच्या भट्टीत वितळवून एकजीव करायचे आणि त्याच्या ताटल्या, वाट्या, चित्रं बनवायची, हा तिचा उद्योग. नागपूरला जाऊन शिकली आणि परत दिग्रसलाच आली. सुमित्राबाई राठोड जवळच्या बंजारा तांड्यावरून येतात. आरसे-कवड्यांचं भरतकाम करणारा त्यांचा हात आता काच रचतो. मी शाळेतली चित्रकलेची बाई, इथे बिनपगारी सल्लागार. सल्ला कोणी मागत नाही, पण म्हणून मी द्यायची थांबत नाही!

आणि ज्योतीचे बाबा, उत्तमराव. बाजारात त्यांचं काचेचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटो फ्रेम. गावातल्या विहारातला बुद्धाचा मोठा फोटो त्यांनीच मढवलाय. स्टुडिओ त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत, येणं-जाणं मागच्या गल्लीतून. दुकान आणि स्टुडिओच्या मधेही एक दार आणि त्या दारात सुमित्राबाईंनी भरलेला लाल-पिवळा अर्धा पडदा. उत्तमराव दुपारी तो पडदा बाजूला सारून मुंडकं आत घालतात, "चहा झाला का?" विचारतात आणि मुंडकं परत नेतात. पाय म्हणून आत टाकत नव्हते!

कारण त्यांचं शास्त्र ठरलेलं. "काच दिसली म्हणजे समजायचं, पुसली नाही." आणि इथे लेक दिसणाऱ्याच काचा बनवून राहिलेली.

ज्योतीला हे फार लागायचं. दिवाळीच्या आधी 'ओपन स्टुडिओ' करायचं ठरलं. लोकांनी यावं, भट्टी बघावी, हवं तर स्वतः काच रचून पाहावी. तेव्हा ती मला म्हणाली, "मॅडम, यवतमाळचे लोकं येतीन, आर्णीचे येतीन. माहे बाबा पडद्याच्या तिकडेच राह्यतीन, पाह्यजा तुमी." 

*

उत्तमरावांचा एक रिवाज आहे. नवी काच बसवली की तिच्यावर बोटाने चुन्याची मोठी फुली मारायची. नाहीतर माणूस सरळ चालत येतो आणि नाक फोडून घेतो! हे सगळेच काचवाले करतात. पण उत्तमराव गिऱ्हाइकाला वर बजावतात, "मी फुली मारली म्हणजे काच बसली. आता वारा येऊ द्या का वादळ येऊ द्या."

ज्योतीची पहिली निळी ताटली भट्टीतून नीट बाहेर आली, तेव्हा ती नाचतच ती घेऊन दुकानात गेली. चुन्याची वाटी पुढे केली. "बाबा, मारा फुली!"

उत्तमरावांनी ताटली उलटीपालटी करून पाहिली, धारेवरून अंगठा फिरवला आणि परत दिली. "ज्या काचेले माणूस फसते, तिले फुली अस्ते पोरी. तुही काच तं दिग्रसच्या स्टँडवरून दिसते. याले कोन फसन?"

ज्योती ताटली घेऊन परत आली. फडक्यात गुंडाळून फळीच्या मागे ठेवून दिली.

*

दिवाळी जवळ आली की आमच्याकडे बाया रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत नेतात आणि नानखटाई भाजून आणतात. तर एका रविवारी सकाळी एक बाई दोन डबे घेऊन स्टुडिओच्या दारात उभी.

"भट्टी हाय म्हंते तुमच्यापाशी?"

"आहे ना!" ज्योती खूश. ओपन स्टुडिओची बातमी गावभर पसरली म्हणायची!

"किती गरम होते?"

"आठशे डिग्री, काकू!"

"अरे बाप्पा!" बाईंनी डबे खाली ठेवले. "मंग तं लवकर होईन. बेकरीत लय लाइन हाय. दोन किलो हाय माही, तेवढी भाजून दे."

ज्योतीने समजावलं की ही भट्टी काचेची आहे, इथे नानखटाईची राख होईल. बाईंनी टेबलावरच्या पिवळ्या, गोल, मधे लाल ठिपका असलेल्या बशा पाहिल्या. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "नसन द्याची तं नाही म्हना. या कोनाच्या भाजल्या मंग?"

*

सुमित्राबाईंचं पहिलं काम तर आम्ही विसरूच शकत नाही. ज्योती म्हणाली, "मावशी, तुमचं डिझाइन काचेत करू." सुमित्राबाई घरून ओढणीचे उरलेले गोल आरसे घेऊन आल्या. लाल काचेवर एकेक आरसा असा टाचणीच्या टोकाने सरकवून बसवला की बघत राहावं. ज्योती त्या दिवशी यवतमाळला गेलेली. आरसे भट्टीत चालतात का, ते मला वाटलं बाईंना माहीत असेल, बाईंना वाटलं मॅडमला माहीत असेल. दोघींनी मिळून भट्टी लावली!

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. काच झकास वितळलेली, पण आरशांच्या मागचा चकाकणारा थर जळून गेलेला. चकाकी कुठेच नाही, नुसते काळपट डाग. सुमित्राबाईंनी वाकून बघितलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"अरं याडी!" त्या ओरडल्या. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "ज्योती, आरसे आंधळे झाले वं! माहं तोंडच दिसून नाही राह्यलं!"

ज्योती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग हसता हसता थांबली आणि दारातल्या पडद्याकडे बघत राहिली. "मावशी," ती म्हणाली, "हा आपला पडदाच करू काचेचा. असाच्या असा. आरशाच्या जागी साध्या काचेचे ठिपके."

ओपन स्टुडिओची मुख्य वस्तू अशी ठरली. आंधळ्या आरशांमुळे!

*

पडद्याचा पहिला अवतार मात्र फसला, आणि त्यात ज्योतीचा जीव होता म्हणून सांगते. ठिपक्यांसाठी साधी काच तिने बाबांच्या दुकानातली वापरली. मी म्हटलं, "मागवायची ना रंगीत काचेसोबतची, तिच्याच जातीची." तर म्हणाली, "राहू द्या मॅडम. बाबाचं काहीतरी असू द्या यात."

तुकडा सुंदर निघाला. टेबलावर ठेवला, आम्ही डबे उघडले, भाकरीचा पहिला घास तोंडात, आणि टेबलावरून आवाज आला. टक्! कोणी हात लावला नाही, वारा नाही, काही नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तडा! दोन जातीच्या काचा थंड होताना सारख्या आक्रसत नाहीत, एकमेकींना ओढतात आणि शेवटी फुटतात. ज्योतीला हे पाठ होतं. तरी तिने घातली.

पडद्याआडून उत्तमरावांचा आवाज आला, "दोन घरच्या सासवा एका सैपाकघरात कोंडल्या तं आवाज येईनच!"

आम्ही हसलो. ज्योतीने डबा बंद करून ठेवला. तिला खरंच रडू येत होतं आणि मला पहिल्यांदा उत्तमरावांचा राग आला.

*

आता बॅनर. ज्योतीने मजकूर दिला तो एवढाच: 'रंगीत काचेचा ओपन स्टुडिओ. सर्वांना आमंत्रण.' बॅनरवाला भाऊ चिंतेत पडला.

"उद्घाटन कोनाच्या हस्ते?"

"कोणाच्याच नाही."

"प्रमुख पाहुणे?"

"नाहीत."

"शुभेच्छुक तं असतीन?"

"नाहीत हो, दादा!"

भाऊने मान हलवली. संध्याकाळी बॅनर आलं. मजकूर बरोबर, रंग बरोबर, आणि खाली उजव्या कोपऱ्यात गॉगल लावलेला, हात जोडलेला एक अनोळखी तरुण!

ज्योतीने फोन लावला. "दादा, हा कोण?"

"माहा साळा हाय. जागा खाली-खाली दिसून राह्यली होती, ताई. चांगला पोरगा हाय."

वेळ नव्हता, तेच बॅनर लावलं. सांगायची गोष्ट म्हणजे ओपन स्टुडिओच्या दिवशी साळा स्वतः आला. गॉगल लावून दिवसभर दारात उभा राहिला आणि येईल त्याला हात जोडले. लोकांना वाटलं, हाच मालक!

*

दुसऱ्यांदा रचलेला पडदा चांगला निघाला. आता तो पुन्हा भट्टीत घालून मऊ करायचा आणि साच्यावर झुकवून त्याला खऱ्या कापडासारख्या चुण्या पाडायच्या होत्या. भट्टीत जेमतेम मावला. काच मऊ व्हायला लागली आणि लाइट गेली!

ज्योतीने लाइनमनला फोन केला. स्पीकरवर होता म्हणून सगळं ऐकू आलं.

"दादा, लाइट कधी येईन? भट्टीत माल अडकलाय."

"कोनता माल?"

"पडदा."

"पडदा भट्टीत कायले टाकला?"

"चुण्या पाडायच्या आहेत त्याला."

 मग लाइनमन म्हणाला, "ताई, लोकं चुन्या काढाले इस्तरी करतेत, तुमी पाडाले भट्टी लावली? थांबा, मलेच पाह्याचं हाय. लाइट देऊन येतोच."

खरंच लगेच लाइट दिली आणि खरंच आला. भट्टी थंड झाल्याशिवाय उघडता येत नाही म्हटल्यावर हिरमुसला. जाताना बजावून गेला, "उघडसान तवा फोन करजा."

*

ओपन स्टुडिओचा दिवस उजाडला. सकाळीच ज्योतीने दारातला कापडी पडदा काढून घडी घातली आणि त्याच्या जागी, त्याच दांडीला, काचेचा पडदा टांगला. दुकानाकडून उजेड येतो, तो काचेतून खोलीभर लाल-पिवळा सांडत होता. जवळ जाऊन बोट लावेपर्यंत मलाही पटेना की ही काच आहे. चुण्यासुद्धा हुबेहूब!

"बाबांना सांगितलंस?" मी विचारलं.

"कायले? त्याह्यले कुठं पाह्याचं हाय?" असं म्हणून ती बशा पुसायला लागली.

लोक आले. खूप आले. एका आजीबाईंनी प्रत्येक वाटीवर, माठ घेताना वाजवतात तसं, बोटाने टिचकी मारून पाहिली. ज्योतीचा जीव वर-खाली! शेवटी एक वाटी कानाजवळ धरून आजी म्हणाल्या, "हे पक्कं भाजलं हाय. हेच दे." नानखटाईवाल्या बाई आल्या, बशीचा वास घेऊन पाहिला आणि एकदाची खात्री पटली म्हणाल्या. लाइनमन पडद्यासमोर उभा राहून आपल्या मित्राला सांगत होता, "याले लाइट म्या देल्ली."

दुपार झाली. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्योती काच कापून दाखवत होती, पण दर थोड्या वेळाने तिची नजर त्या दाराकडे जायची. मला ते दिसत होतं.

तेवढ्यात दुकानाकडून चपलांचा आवाज आला. उत्तमराव आपल्या रोजच्या वेळेला, रोजच्या चालीने आले. रोजच्यासारखा हात पुढे करून पडदा बाजूला सारायला गेले आणि सोबत मुंडकंही.

टण्ण!

 पडदा दांडीवर एकदा झुलला. सुमित्राबाईंनी तोंडावर हात धरला. ज्योतीने डोळे मिटून घेतले. पण फुटल्याचा आवाज आला नाही.

काचेपलीकडे उत्तमराव कपाळ चोळत उभे होते. त्यांनी पडद्याला बोट लावलं. मग पंजा लावला. चुणीवरून अंगठा फिरवत खालपर्यंत गेले, परत वर आले. मग मागे वळले आणि गेले.

"लागलं वाटते त्याह्यले," कोणीतरी म्हणालं. ज्योतीने हातातली काच खाली ठेवली.

थोड्या वेळाने गल्लीकडच्या दारात गलका झाला. साळ्याने हात जोडले. उत्तमराव त्याला बाजूला करून, चपला दाराबाहेर काढून आत आले. कपाळावर चांगलं टेंगूळ आलेलं आणि हातात चुन्याची वाटी. गर्दीतून वाट काढत ते थेट पडद्यापाशी गेले, वाटीत बोट बुडवलं आणि त्या लाल-पिवळ्या काचेवर, बरोबर मधोमध, चुन्याची मोठी फुली मारली.

बोट धोतराला पुसलं. रिकामं स्टूल ओढून त्यावर बसले.

"ज्योते, चहा झाला का?"

ज्योती चहा टाकायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. शेवटी चहा सुमित्राबाईंनी आणला.